स्थापत्य अभियांत्रिकीच्या निष्पत्तींची परीक्षा हाताने व्हावी

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आपल्या दैनिकासह सगळीकडे महाविद्यालयांच्या पानभर जाहिराती येतात आणि त्यांत ‘एनबीए मानांकित’ हे शब्द ठळक छापलेले असतात. पालक ते वाचतात आणि थेट प्लेसमेंटच्या आकड्याकडे वळतात. या मानांकनाचा गाभा म्हणजे ‘अध्ययन निष्पत्ती’: चार वर्षांनंतर विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे याची लेखी हमी. स्थापत्य शाखेत ही हमी कशी लिहिली जाते, कशी मोजली जाते आणि मोजताना कुठे फसगत होते हे वाचकांना कळायला हवे, कारण या शाखेतली कच्ची राहिलेली निष्पत्ती उद्या कुणाच्या तरी डोक्यावर स्लॅब म्हणून उभी राहते. आमची मागणी एकच आहे. निदान चार-पाच निष्पत्ती विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय त्याला स्थापत्य अभियंत्याची पदवी मिळू नये.

आधी थोडी पार्श्वभूमी. एनबीए म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळ. एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) ते 1994 मध्ये स्थापन केले आणि 2010 पासून ते स्वायत्त झाले. 13 जून 2014 रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. या करारातले देश एकमेकांच्या मानांकित अभियांत्रिकी पदव्या तुल्यबळ मानतात. आपल्याकडे हा लाभ टियर-1 म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठ विभाग यांच्या अभ्यासक्रमांपुरता आहे. विद्यापीठाला संलग्न असलेली बहुसंख्य महाविद्यालये टियर-2 मध्ये येतात. शिवाय एनबीएचे मानांकन महाविद्यालयाला मिळत नाही, ते एकेका शाखेच्या अभ्यासक्रमाला, ठरावीक वर्षांपुरते मिळते. कॉम्प्युटर शाखेच्या मानांकनावर स्थापत्यचा प्रवेश घेतला जात असेल तर पालकांनी तिथेच थांबून विचारावे.

मानांकनासाठी प्रत्येक अभ्यासक्रमाला तीन थरांत उद्दिष्टे लिहावी लागतात. पदवीनंतर काही वर्षांनी विद्यार्थी कुठवर पोहोचलेला असावा, ही झाली शैक्षणिक उद्दिष्टे. पदवी घेताना त्याच्या अंगी काय असावे, या कार्यक्रम निष्पत्ती. त्यांना महाविद्यालयांत सगळे ‘पीओ’ म्हणतात. त्या पूर्वी 12 होत्या, नव्या नमुन्यात 11 आहेत: अभियांत्रिकी ज्ञान, प्रश्नाचे विश्लेषण, संकल्पन, तपास-प्रयोग, आधुनिक साधनांचा वापर, समाज-पर्यावरण, नीतिमत्ता, संघकार्य, संवाद, प्रकल्प व अर्थ-व्यवस्थापन आणि आजन्म शिकणे. तिसरा थर प्रत्येक विषयाच्या निष्पत्तींचा, म्हणजे ‘सीओ’. विषयामागे साधारण सहा. प्रत्येक सीओ कोणत्या पीओला किती हातभार लावतो हे 1, 2 किंवा 3 आकड्याने तक्त्यात भरायचे. रचना चांगली आहे. ती आली तेव्हा ‘किती युनिट शिकवून झाले’ याऐवजी ‘मुलांना काय येते’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, आणि त्यासाठी आम्ही तिचे मनापासून स्वागतच केले होते.

घोटाळा मोजणीत होतो. संलग्न महाविद्यालयांत सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी: विद्यापीठाची सरासरी हे लक्ष्य धरायचे, वर्गातले 60 टक्के विद्यार्थी त्याच्या वर गेले तर प्राप्तीची पातळी 1, 70 टक्के गेले तर 2, 80 टक्के गेले तर 3. समजा, मृदा यांत्रिकीच्या पेपरात विद्यापीठाची सरासरी 100 पैकी 43 आली. वर्गातल्या 60 पैकी 48 जणांनी 43 ओलांडले. पातळी 3, म्हणजे सर्वोच्च. पुढच्या वर्षी सरासरी घसरून 36 झाली आणि पुन्हा 48 जणांनी 36 ओलांडले. पातळी पुन्हा 3. मुलांना आधीच्या वर्षापेक्षा कमी आले, पण तक्त्यात काही हलले नाही. मोजपट्टीच मुलांसोबत खाली सरकली.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी विद्यापीठाकडून विषयाचे एकूण गुण येतात, प्रश्नवार गुण येत नाहीत. सहा सीओंपैकी कोणता साधला आणि कोणता राहिला हे त्या एका आकड्यावरून कळणारच नाही. म्हणून तोच आकडा सहाही सीओंना लावला जातो. अंतिम परीक्षेला 80 टक्के आणि अंतर्गत गुणांना 20 टक्के वजन देऊन बेरीज केली, तक्त्यातल्या 1-2-3 ने गुणली, शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे गुण त्यात मिसळले, की ‘संकल्पन: 2.31’ असा दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा तयार होतो. तो दिसतो अचूक, पण त्याच्या मुळाशी विद्यार्थ्याने संकल्पन केल्याचा एकही थेट पुरावा नसतो. त्यात उत्तीर्ण व्हायला 40 टक्के पुरतात. मृदा यांत्रिकीत कर्तन-सामर्थ्याचे युनिट पूर्ण सोडूनही पास होता येते. अध्यापक हे सगळे जाणतात. एक्सेलच्या फायली भरण्यात त्यांच्या रात्री जातात आणि त्यातून शिकवण्यात काय बदलायचे याचे उत्तर निघत नाही, याचे दुःख सर्वांत जास्त त्यांनाच आहे.

मग करायचे काय? एक विषय घेऊन नीट पाहू. काँक्रीट तंत्रज्ञानाच्या पुस्तिकेत बहुधा अशी निष्पत्ती असते: ‘विद्यार्थी काँक्रीट मिश्रणाच्या संकल्पनाची पद्धत समजून घेईल.’ समजून घेतले की नाही हे तपासायचे कसे? कागदावर एम30 या ताकदीच्या काँक्रीटचे गणित घालून. त्या गणितात वाळूचे पाणीशोषण दिलेले असते, वाळूचा विभाग (बारीक-जाडपणाची प्रत) दिलेला असतो, खडीचे विशिष्ट गुरुत्व दिलेले असते. विद्यार्थी आयएस 10262 (मिश्रण-संकल्पनाचे भारतीय मानक) ची कोष्टके बघून आकडे घालतो आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतो. साइटवर मात्र यातले काहीही कुणी हातात आणून देत नाही.

हीच निष्पत्ती आम्ही अशी लिहू: ‘ढिगातून आणलेल्या क्रश सँडचे (दगड फोडून केलेल्या वाळूचे) चाळणी-पृथक्करण, पाणीशोषण आणि त्या दिवसाचा ओलावा स्वतः मोजून विद्यार्थी एम30 चे मिश्रण ठरवेल, ट्रायल घेऊन स्लम्प (ओल्या काँक्रीटचे खाली बसणे) 100 मिलिमीटरच्या आसपास आणेल आणि वाळूचा ओलावा बदलल्यास पाण्याची दुरुस्ती करून दाखवेल.’ यातले शेवटचे कलम सर्वांत मोलाचे आहे. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून महाराष्ट्रात बेसॉल्टच्या क्रश सँडवरच बहुतेक काँक्रीट चालते. समजा, घनमीटरला 380 किलो सिमेंट, 171 लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.45, आणि सुमारे 800 किलो क्रश सँड आहे. सँडचे पाणीशोषण 3 टक्के धरू. एप्रिलमध्ये ढिगात ओलावा 1 टक्का असेल तर सँड आणखी 2 टक्के, म्हणजे 16 लिटर पाणी पिऊन टाकते. जुलैत ओलावा 6 टक्के असेल तर तीच सँड 24 लिटर पाणी वरून घेऊन येते. दोन ऋतूंत 40 लिटरचा फरक. दुरुस्ती केली नाही तर पावसाळ्यात गुणोत्तर 0.51 वर जाते आणि काँक्रीट कमकुवत होते. उन्हाळ्यात ते 0.41 वर येते, स्लम्प पडत नाही, काँक्रीट पंपातून सरकत नाही आणि मुकादम बादलीने पाणी ओततो. त्या बादलीचा हिशेब कुठेच लिहिला जात नाही. इथे अभियंत्याला हवे असते ते पाव तासाचे काम: तव्यावर सँड भाजून ओलावा काढणे आणि त्याप्रमाणे पाण्याचा व सँडचा आकडा बदलून देणे. हे येत नसलेल्या पदवीधराला काँक्रीटची निष्पत्ती ‘प्राप्त’ झाली असे म्हणता येत नाही.

क्यूबचेही, म्हणजे ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचेही तसेच. एम30 म्हणजे सरासरी 30 मिळाले की झाले, असे सांगणारे पदवीधर मुलाखतीत नेहमी भेटतात. 30 ही अशी मर्यादा आहे की जिच्या खाली शंभरात पाचांहून अधिक निकाल जाऊ नयेत. म्हणून लक्ष्य 30 अधिक 1.65 गुणिले 5 (निकाल किती विखुरतात त्याचा गृहीत आकडा), म्हणजे 38.25 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरावे लागते. 150 मिलिमीटरच्या क्यूबला हा ताण म्हणजे साधारण 860 किलोन्यूटन भार. आयएस 516 प्रमाणे भार मिनिटाला 14 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या दराने वाढवायचा, म्हणजे क्यूब फुटायला पावणेतीन मिनिटांच्या आसपास लागायला हवीत. घाईत व्हॉल्व्ह सताड उघडून अर्ध्या मिनिटात क्यूब फोडला तर आकडा फुगून येतो. क्यूब भरताना वर असलेला खडबडीत पृष्ठभाग तसाच वर ठेवून दाबला तर आकडा पडतो. एकाच नमुन्याच्या तीन क्यूबांत एखादा सरासरीपासून 15 टक्क्यांपलीकडे गेला तर तो निकालच बाद. या गोष्टी जर्नलमध्ये उतरवून येत नाहीत. विद्यार्थ्याने व्हॉल्व्हवर हात ठेवून, समोर घड्याळ ठेवून किमान तीन क्यूब स्वतः फोडले पाहिजेत. आज बऱ्याच प्रयोगशाळांत वीस जणांच्या तुकडीत एक क्यूब प्रयोगशाळा-सहायक फोडतो आणि बाकीचे आकडा लिहून घेतात.

आरसीसीच्या विषयात आमची सूचना आणखी सरळ आहे. महाविद्यालयाच्या आवारात सळईचा एक सांगाडा कायमचा बांधून ठेवावा: एक कॉलम, त्याला मिळणारे दोन बीम, एक 1.2 मीटरची बाहेर आलेली बाल्कनी. दीडशे-दोनशे किलो सळईत हे होते. त्यात दरवर्षी वेगवेगळ्या सात-आठ चुका मुद्दाम ठेवाव्यात आणि विद्यार्थ्याच्या हातात ड्रॉइंग, टेप आणि खडू देऊन म्हणावे, ओतकाम उद्या सकाळी आहे, तपासून सही कर. रिंगचे (मुख्य सळयांभोवतीच्या कड्यांचे) हूक 135 अंशांऐवजी 90 अंशांत वळवलेले. कॉलमच्या सगळ्या सळयांचे लॅप (एकावर एक चढवलेले जोड) एकाच पातळीवर, तेही सांध्याच्या अगदी लगत. बीमच्या टोकाशी रिंगचे अंतर 100 मिलिमीटरच्या जागी 200. कव्हर ब्लॉक गायब. आयएस 13920 (भूकंपरोधक बांधणी) आणि आयएस 456 (काँक्रीट) ही मानके ज्याने नुसती पाठ केली आहेत त्याला यातल्या निम्म्या चुका दिसत नाहीत. ज्याने एकदा हाताने मोजले आहे त्याला त्या लांबूनच खटकतात.

बाल्कनीची चूक सर्वांत घातक, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर. 125 मिलिमीटर जाडीच्या बाल्कनीत मुख्य सळई वर असते. 20 मिलिमीटर कव्हर आणि 10 मिलिमीटरची सळई धरली तर प्रभावी खोली (स्लॅबच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर) 100 मिलिमीटर मिळते. खाली चेअर (जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) लावल्या नसतील तर ओतकामाच्या वेळी कामगारांच्या पायाखाली ती जाळी 40 मिलिमीटर सहज दबते. प्रभावी खोली उरते 60 मिलिमीटर आणि बाल्कनीची वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे 40 टक्क्यांनी जाते. आयएस 456 ला इथे फक्त 10 मिलिमीटरची चूक मान्य आहे. सळई पार तळाला गेली तर ती बाल्कनी जवळपास साध्या काँक्रीटच्याच भरवशावर लोंबकळते. ड्रॉइंग बरोबर होते, गणित बरोबर होते, सळई पुरेशी होती, क्यूबही पास झाले. तरी सेंट्रिंग काढताना बाल्कनी खाली येते. दोषाचे मूळ एवढेच की ओतकाम चालू असताना जाळीकडे पाहणारा माणूस तिथे नव्हता, किंवा होता पण काय पाहायचे हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

आधुनिक साधनांच्या पीओखाली ईटॅब्स आणि स्टॅड हे इमारतीच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर शिकवले जाते. जरूर शिकवावे. पण निष्पत्तीत ‘सॉफ्टवेअरच्या उत्तराची हाताने पडताळणी करेल’ हे शब्द असल्याशिवाय ते धोक्याचे आहे. निवासी आरसीसी इमारतीत मजल्यामागे चौरस मीटरला ढोबळ 12 किलोन्यूटन भार धरला, कॉलमच्या वाट्याला 4 बाय 4 मीटर क्षेत्र आले आणि मजले सात असले, तर पायथ्याशी सुमारे 1,350 किलोन्यूटन यायला हवेत. पडद्यावर 300 किंवा 5,000 दिसले तर कुठे तरी एकक चुकले आहे किंवा एखादा आधार सुटला आहे. हा ढोबळ हिशेब मनात करता येणे ही आमच्या मते या पदवीची सर्वांत महत्त्वाची निष्पत्ती आहे, आणि ती कोणत्याही पुस्तिकेत स्वतंत्रपणे लिहिलेली नसते.

ती नसण्याची किंमत काय असते ते 13 मे 2024 रोजी घाटकोपरमध्ये दिसले. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा महाकाय फलक कोसळला आणि 17 जणांचे प्राण गेले. फलक 120 फूट बाय 120 फुटांचा होता. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमावे असे हे गणित आहे. आयएस 875 च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग 44 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर दिला आहे. वेगाचा वर्ग गुणिले 0.6 केले की दाब चौरस मीटरला सुमारे 1,160 न्यूटन येतो. फलकाचे क्षेत्रफळ सुमारे 1,338 चौरस मीटर; एकूण रेटा 1,550 किलोन्यूटनच्या वर, म्हणजे दीडशे टनांहून जास्त. फलक जमिनीपासूनच सुरू होतो असे धरले तरी हा रेटा 18 मीटर उंचीवर लागतो आणि उलथवणारे आघूर्ण (रेटा गुणिले उंची) सुमारे 2,900 टन-मीटर होते. पायाची रुंदी 6 मीटर धरली आणि आयएस 456 प्रमाणे 1.4 चा सुरक्षा-गुणक घेतला, तर केवळ वजनाच्या जोरावर तो तोलायला साडेतेराशे टन, म्हणजे पाचशे घनमीटरहून अधिक काँक्रीट लागेल. उंचीचा आणि आकाराचा गुणक अजून धरलेलाच नाही. हे गणित फळ्यावर दहा मिनिटांत होते. ते करून ‘हे इथे उभे राहू शकत नाही’ असे लेखी म्हणण्याची तयारी, ही झाली नीतिमत्तेची निष्पत्ती. आज तिचे मूल्यमापन एका निबंधवजा प्रश्नाने होते. त्याऐवजी अशीच खरी कागदपत्रे समोर ठेवून विद्यार्थ्याला विचारावे: या स्थैर्य प्रमाणपत्रावर तू सही करशील का? करणार नसशील तर कारणे एका पानात लिही.

मृदा यांत्रिकीत वर्षानुवर्षे प्रयोगशाळेतल्या त्याच पोत्यातल्या मातीची द्रव-मर्यादा (माती ओघळू लागते तो ओलावा) काढली जाते. पेपरातही मातीचे सगळे गुणधर्म आयते दिलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यात काम करणाऱ्या अभियंत्याला काळ्या मातीचा मुक्त फुगवटा काढता आला पाहिजे. पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून ती हलक्या घरांचे पाये कसे उचलते आणि सोडते, म्हणून पाया त्या हालणाऱ्या थराखाली का न्यावा लागतो किंवा अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले पायाचे खांब) का वापराव्या लागतात, हे त्याला सांगता आले पाहिजे. दख्खनच्या पठारावर दुसरी फसगत होते: मुरुमात अडकलेल्या मोठ्या धोंड्याला बोअर लागतो आणि अहवालात ‘खडक लागला’ असे लिहिले जाते. कोअरच्या (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नमुन्याच्या) पेटीतले तुकडे टेपने मोजून, 10 सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करून आरक्यूडी (खडकाच्या दर्जाचा निर्देशांक) काढणे हे वर्गात शिकवता येते. त्यासाठी एखाद्या बोअरिंगवाल्याकडून जुनी कोअर-पेटी आणून ठेवली की पुरे.

सुरक्षितता बहुतेक अभ्यासक्रमांत एका युनिटच्या कोपऱ्यात असते. पाइपलाइनसाठी खोदलेल्या चरात माती ढासळून मजूर दगावल्याची बातमी आपल्याच दैनिकात वारंवार येते. आयएस 3764 प्रमाणे दीड मीटरहून खोल चराला आधार द्यावा लागतो. ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. चराच्या कडेलाच उपसलेल्या मातीचा ढीग आणि त्यालगत उभा जेसीबी, हे चित्र पाहून काम थांबवण्याचा अधिकार आणि धैर्य नव्या अभियंत्याला हवे, आणि ते पदवीच्या काळातच रुजावे लागते.

संवादाची निष्पत्ती म्हणजे इंग्रजीतले पॉवरपॉइंट, अशी आज समजूत आहे. साइटवरचा अभियंता सकाळी सळई बांधणाऱ्याला त्याला कळेल अशा हिंदीत रिंगचे अंतर सांगतो, दुपारी गावातल्या शेतकऱ्याला भूसंपादनाची खूण मराठीत समजावतो आणि संध्याकाळी ठेकेदाराला इंग्रजीत नोटीस लिहितो. तिन्ही तपासा. मोजमाप पुस्तिकेतली एक नोंद, खाडाखोड न करता, लांबी-रुंदी-खोलीसह लिहून घ्या. अंदाजपत्रक नीट आलेला विद्यार्थीही या नोंदीत अडखळतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. सिमेंटच्या किंवा वाळूच्या जागी 5, 10, 15, 20 टक्के काहीतरी टाकायचे, प्रत्येकी तीन क्यूब भरायचे, 7 आणि 28 दिवसांनी फोडायचे आणि ‘10 टक्क्यांना ताकद सर्वाधिक’ असा निष्कर्ष काढायचा: राज्यभर असे प्रकल्प शेकड्यांनी होतात. बदललेल्या मालाचे पाणीशोषण वेगळे असते, म्हणून खरे पाणी-सिमेंट गुणोत्तर प्रत्येक मिश्रणात बदललेले असते आणि ते कुणी मोजलेले नसते. तीन क्यूबांतला आपापसातला फरक दोन मिश्रणांतल्या फरकाएवढाच असतो. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा चार जणांच्या गटाने गावातला एखादा छोटा पूल घ्यावा, पुराच्या खुणा आणि पाणलोट क्षेत्र मोजावे, पायाजवळची झीज तपासावी आणि ग्रामपंचायतीला समजेल असा अहवाल द्यावा. सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी बस गेल्या. पावसाळ्यापूर्वी पाहणी करायला हवी असे लहान-मोठे जुने पूल राज्यात सर्वत्र आहेत आणि त्यांच्याकडे पाहणारे डोळे कमी आहेत.

आणखी एक मुद्दा लोकांच्या लक्षात आलेला नाही. वॉशिंग्टन करारातल्या निष्पत्ती पदवीच्या टप्प्यासाठी आहेत. अमेरिकेत त्यानंतर काही वर्षांचा अनुभव आणि परीक्षा पार करून व्यावसायिक परवाना मिळतो. ब्रिटनमध्ये चार्टर्ड इंजिनिअर होण्याची वाट तशीच आहे. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे, पण अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा अजून लागू नाही. महापालिका आपापल्या नियमांनी परवाने देतात, आणि पालिकेच्या हद्दीबाहेर तर पदवी हीच जवळपास एकमेव चाळणी उरते. पुढची चाळणी नाही म्हणून ही पहिली चाळणी बारीक असायला हवी. पुण्यात 1854 मध्ये अभियांत्रिकी वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकाम खात्यातले कनिष्ठ अधिकारी घडवण्यासाठी. त्याला निष्पत्तींचे तक्ते नव्हते, पण शिकून निघालेल्याने काय करायचे हे पक्के ठाऊक होते. पुढे त्याच संस्थेतून शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले.

यावर हमखास येणारा आक्षेप वेळेचा आहे. एमबीबीएसच्या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला खरा रुग्ण तपासून दाखवावा लागतो आणि तिथेही विद्यार्थी शेकड्यांनी असतात. स्थापत्यची एक तुकडी 60 जणांची. सळईचा सांगाडा, ओल्या वाळूची दुरुस्ती, ऑटो लेव्हलने (उंची मोजण्याच्या दुर्बिणीने) बेंचमार्कवरून (ठरलेल्या उंचीच्या खुणेवरून) पातळी नेणे, भाराचा ढोबळ हिशेब: असे चार टप्पे, प्रत्येकी वीस मिनिटे. चार परीक्षक असले तर तासाला तीन जण होतात आणि रोज पाच तास धरले तरी चार दिवसांत वर्ग संपतो. परीक्षकांपैकी दोघे बांधकाम खात्यातले किंवा सल्लागार अभियंते असावेत. नव्या आराखड्यात अनेक विद्यापीठांनी इंटर्नशिपला जवळपास पूर्ण सत्र दिले आहे; तिचे गुण हजेरीच्या दाखल्यावर देण्यापेक्षा याच चाचणीला जोडता येतील. नापास झालेल्याला महिन्याभराने पुन्हा संधी द्यावी, हवी तितक्या वेळा. चाचणी मात्र सोडू नये.

विद्यापीठांच्या स्थापत्य अभ्यासमंडळांना आमची विनंती आहे की पुढच्या फेररचनेत प्रश्नवार गुण महाविद्यालयांना द्यावेत, विद्यापीठाच्या सरासरीचे लक्ष्य रद्द करून ठाम लक्ष्य ठरवावे, आणि ही करून दाखवण्याची चाचणी शेवटच्या वर्षाच्या आधी अनिवार्य करावी. एनबीएच्या भेटीवर येणाऱ्या तज्ज्ञांनीही फायलींच्या खोलीत बसण्याआधी पाच विद्यार्थी कसेही निवडावेत आणि त्यांना प्रयोगशाळेत ओली वाळू द्यावी.

पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन एवढे विचारावे: मानांकन स्थापत्य शाखेचे आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत? क्यूब दाबण्याच्या यंत्राचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले, त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? सर्वेक्षणाच्या तासाला एका उपकरणामागे किती मुले असतात? गेल्या वर्षीच्या पाच प्रकल्पांची नावे काय? आणि तिथे उभ्या असलेल्या एखाद्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला किंवा मुलीला, जमल्यास प्राध्यापकांच्या समोरच, बाल्कनीत सळई वर का असते ते विचारावे.

कळावे,
आपले,
स्थापत्य अभियांत्रिकीचे काही अध्यापक आणि सल्लागार अभियंते, पुणे